आधी प्रश्न आण, मग अर्ज भरू

बयो, तुझं दोन पानी टिपण वाचलं. आता मी जे सांगणार आहे त्यानं चेहरा पाडू नकोस. टिपण व्यवस्थित आहे, भाषा नेटकी आहे, पण ते पीएचडीच्या अर्जाचं नाही. ‘वरळीच्या बीडीडी चाळींचा शाश्वत आणि सर्वसमावेशक पुनर्विकास : एक आराखडा’ हे शीर्षक म्हाडाच्या एखाद्या साहेबाला आवडेल. निवड समितीतली बाई मात्र पहिल्या परिच्छेदातच चष्मा काढून ठेवेल. कारण तुला उत्तर आधीच ठाऊक आहे. मग संशोधन करायला उरलं काय?

तुझा दोष नाही गं. आपल्या शिक्षणानंच ही सवय लावली आहे. बी.आर्क.ला पाच वर्षं काय केलं आपण? साइट बघितली, अ‍ॅनालिसिसच्या शीट काढल्या, कन्सेप्ट आणला, प्लॅन-सेक्शन-एलिव्हेशन, मॉडेल, आणि मग रात्रभर जागून ज्युरी. ज्युरीपुढे उभं राहून ‘मला हे अजून कळलेलं नाही’ असं म्हणायची सोयच नव्हती. तिथे प्रत्येक अडचणीवर काहीतरी बांधून दाखवायचं असतं. पीएचडीच्या प्रस्तावात उलटं आहे. इथवरचं लोकांनी शोधलं आहे, इथून पुढचं कुणालाच माहीत नाही, आणि ते शोधायला मी अमुक कागद उघडणार आहे, अमुक माणसांशी बोलणार आहे, एवढंच तुला पटवून द्यायचं. शेवटी काय सापडेल ते आजच सांगता आलं, तर समजायचं की विषय चुकला.

तुझ्याच चाळी घेऊ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२० मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात उभं राहिलं. कामगारांसाठी त्यानं काँक्रीटच्या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७. एकेक खोली १६० चौरस फुटांची. घरांची एवढी ओरड असताना सुरुवातीच्या वर्षांत त्यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्याच राहिल्या, ही तर मोठी गंमत. आता वरळी, नायगाव आणि डिलाइल रोडच्या पात्र रहिवाशांना म्हाडा ५०० चौरस फुटांची घरं देते आहे. हे सगळं तू लिहिलं आहेस आणि पार्श्वभूमी म्हणून ठीकच आहे. पण ही पार्श्वभूमी दीड पान खाते, आणि उरलेल्या अर्ध्या पानात तू थेट टॉवरच्या पोडियमवर ‘कम्युनिटी स्पेस’ काढायला बसतेस.

‘कम्युनिटी’ म्हणताना जरा जपून. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर याच वरळीच्या चाळींत दंगल पेटली होती. कोणत्या चाळीत कोण राहायचं, कोण कुणाच्या नळावर जायचं, कुठल्या चाळीत कुणाची पोरं खेळायला जायची नाहीत, हे तिथल्या जुन्या माणसांना विचार. चाळ म्हटलं की आपल्याला गॅलरीतल्या गप्पा, गणपती आणि कोजागिरीचं दूध आठवतं. ते खरंही आहे. पण फक्त तेवढंच लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल, ही मुलगी चाळीत पाहुणी म्हणून गेली होती.

आणि आता चांगली बातमी. तुझा प्रश्न तुझ्याच टिपणात आहे, फक्त तू तो कंसात घालून दडवला आहेस. मैत्रिणीच्या आजीकडे भाडेपावत्यांची पिशवी होती, पात्रता ठरायच्या वेळी ती पिशवी निघाली आणि पावतीवर नाव कुणाचं यावरून घरात वाद झाला, असं तू जाता जाता लिहिलं आहेस. तिथे थांब. सासऱ्याच्या नावाची खोली नवऱ्याच्या नावावर झाली, मग मुलाच्या. मधल्या काळात विधवा झालेली सून, माहेरी परत आलेली लेक, वर्षानुवर्षं बाहेर गॅलरीत झोपलेला दीर यांची नावं कुठल्या कागदावर आली आणि कुठल्यावर नाही? शंभर वर्षांत सरकारनं त्या खोलीपुरतं ‘कुटुंब’ म्हणून कुणाला धरलं? आणि नव्या घराचा जो प्लॅन निघाला आहे, तो कुठल्या कुटुंबासाठी काढला आहे? बघ, आता यात प्लॅन आला, कायदा आला, बायका आल्या, शहर आलं. उत्तर तुला माहीत नाही. मलाही नाही. हा प्रबंध मी वाचेन.

हे वास्तुकलेचं काम नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. नीरा आडारकर वास्तुविशारद. त्यांनी मीना मेनन यांच्याबरोबर गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये पुस्तक केलं, पुढे २०११ मध्ये मुंबईच्या चाळींवरचं पुस्तक संपादित केलं. ‘व्हाय लॉयटर?’ लिहिणाऱ्या तिघींपैकी शिल्पा रानडे वास्तुविशारद. मुंबईत बायकांना काही काम नसताना उगीच रेंगाळता येतं का, हा त्यांचा प्रश्न. किती साधा आणि किती अवघड! अशा माणसांनी वाट केली आहे म्हणून तर आपण आज असल्या विषयावर अर्ज करायचं धाडस करतो.

वाचन दाखवायचं म्हणजे पुस्तकांची जंत्री द्यायची नाही. निखिल राव यांनी दादर-माटुंग्याच्या फ्लॅटसंस्कृतीवर लिहिलं आहे, प्रशांत किदंबी यांनी प्लेगनंतरच्या मुंबईवर आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवर, शीतल छाब्रिया यांनी ‘झोपडपट्टी’ ही कल्पना वसाहतकाळात कशी घडली यावर. तुला एवढंच सांगायचं आहे, की यांनी मला कुठवर आणून सोडलं आणि भाडेपावतीपाशी ते का थांबले. एका परिच्छेदात. ‘गॅप इन लिटरेचर’ असले शब्द न वापरता.

आता अर्ज कुठे करायचा. इथे मुलं हमखास गोंधळतात, कारण आपला विषय एका खोलीत मावत नाही. तसा तो कधीच मावला नव्हता. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचा प्रमुख कोण होता? पॅट्रिक गेडिस. शिक्षणानं जीवशास्त्रज्ञ, कामानं नगररचनाकार, आणि खुर्ची समाजशास्त्राची! त्यांच्यानंतर ती खुर्ची गो. स. घुर्यांकडे आली. त्यामुळे विभागाच्या पाटीवर जाऊ नकोस, आत कोण काय लिहितं आहे ते बघ. एमआयटीत वास्तुकलेच्या विभागात इतिहास-सिद्धान्त-समीक्षेची वेगळी पीएचडी आहे, आणि नगर अभ्यास व नियोजनाचा विभागच वेगळा आहे. बर्कलीतही वास्तुकलेची पीएचडी निराळी, नगर नियोजनाची निराळी. लंडनच्या बार्टलेटमध्ये वास्तुकला, नियोजन आणि डेव्हलपमेंट प्लॅनिंग युनिट ही तीन घरं एकाच छपराखाली आहेत. तिथे स्वतःच्या डिझाइनमधून संशोधन मांडायचीही पीएचडी आहे, पण तुझा पावत्यांचा विषय तिथे नेऊ नकोस, उगाच ओढाताण होईल.

आपल्याकडे सेप्ट, दिल्ली-भोपाळ-विजयवाड्याच्या एसपीए, खरगपूर आणि रुरकी आयआयटीचे वास्तुकला-नियोजन विभाग, नागपूरचं व्हीएनआयटी ही नावं तुला माहीत आहेत. पण पवईच्या आयआयटीचं अर्बन सायन्सचं केंद्र आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं हॅबिटॅट स्टडीज ही दोन नावं यादीत नाहीत तुझ्या, ती घाल. तुझ्या प्रश्नाला टाटा संस्था जास्त जवळची वाटते मला. तुझी चाळ तिथून लोकलच्या अंतरावर आहे, हे काही लहानसहान कारण नाही.

देश बदलला की दार उघडायची रीत बदलते. अमेरिकेत समिती निवडते. प्राध्यापकाला आधी मेल केली तर बरं, पण तो ‘हो’ म्हणाला म्हणजे प्रवेश झाला असं नव्हे. ब्रिटनमध्ये मार्गदर्शक तयार नसेल तर अर्जाला अर्थच नाही, म्हणून तिथे मेल आधी, फॉर्म नंतर. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरीच असते. जाहिरात निघते, पगार मिळतो, पण विषय बराचसा त्यांचा असतो. इटलीत दरवर्षी प्रवेशाची सूचना निघते, गुणवत्ता यादी लागते आणि शिष्यवृत्त्या त्या यादीप्रमाणे जातात.

मेल कशी लिहायची हे तू दोनदा विचारलंस. ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग...’ हे आधी पुसून टाक. दहा-बारा ओळी. त्यांचा कुठला लेख वाचलास आणि त्यातल्या कुठल्या मुद्द्यावर तुझं घोडं अडलं, ते दोन ओळींत. तुझा प्रश्न तीन ओळींत. पुढच्या वर्षी नवे विद्यार्थी घेणार आहात का, हे सरळ. जोडपत्र एकच. एकाच विभागातल्या पाच जणांना तीच मेल पाठवू नकोस. ती माणसं एकत्र चहा पितात.

भारतात करायची तर नियम नीट वाच, कारण ते अलीकडे बदलले आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. लग्नाचा विषय निघाला की हा आकडा मामीला ऐकव. विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असेल तर लेखीला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट झाले आहेत, त्यातला तिसरा फक्त पीएचडी प्रवेशापुरता, आणि प्रवेशासाठी ते गुण वर्षभरच चालतात. आपल्यासारख्यांना गेटचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर अधिक कामाचा. आयआयटीत बहुधा तोच विचारतात आणि तो स्कोअर तीन वर्षं टिकतो. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आहे, पुढे एसआरएफला ४२,०००. मुंबईत भाड्यानं राहून त्यात भागत नाही, पण तू घरी राहतेस.

आणि एक. मार्गदर्शकाकडे जागा आहे का ते आधीच विचार. त्याच नियमावलीत प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार विद्यार्थी, अशी मर्यादा आहे. माणूस उत्तम, विषय जुळला, आणि जागाच नाही, असं फार होतं.

लेखनाच्या नमुन्याची गोष्ट राहिली. अमेरिकेत तो बहुतेक ठिकाणी मागतात आणि आर्किटेक्टांची तिथेच पंचाईत होते. आपल्याकडे शीट असतात, सलग वीस पानं नसतात. ऑफिससाठी केलेला रिपोर्ट पाठवायचा विचार मनातून काढ. एम.आर्क.च्या प्रबंधातलं एकच प्रकरण घे, त्यातली आकृत्यांची गर्दी कमी कर आणि नव्यानं लिही. किंवा त्याहून बरं, या पावसाळ्यात एक छोटं काम कर. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे जा, अर्ज भर, डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या फायली मागव. पहिले काही दिवस हाती काही लागणार नाही, धुळीनं शिंका येतील आणि फाइल ‘सापडत नाही’ असा शेरा येईल. जात राहा. एखाद्या भाडेकरूचा अर्ज, एखाद्या अधिकाऱ्याचा वैतागलेला शेरा असं काही हाती आलं की त्यावर पंधरा पानं लिही.

सीव्हीत शेवटच्या ओळीला ‘भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी’ लिहून मोकळी झाली आहेस, ते मला अजिबात आवडलेलं नाही. अगं, तीच तुझी पुंजी आहे. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं. मुंबईवर संशोधन करणाऱ्या किती परदेशी मुलांना ते मुळातून वाचता येतं? कामगारांची वर्तमानपत्रं, युनियनची पत्रकं, आत्मचरित्रं, चाळीच्या मंडळांची इतिवृत्तं मराठीत आहेत. आजीची मुलाखत तू दुभाष्याशिवाय घेऊ शकतेस, आणि ती कुठल्या शब्दावर अडखळली हे तुला कळतं. हे प्रस्तावाच्या मुख्य भागात यायला हवं, ‘पद्धती’खाली, ठसठशीत. मोडीची तुला गरज नाही. पुण्याच्या वाड्यांवर काम करणार असतीस तर म्हटलं असतं, आधी मोडीच्या वर्गाला जाऊन बस.

अमेरिकेत शिफारसपत्रं तीन लागतात. ऑफिसातल्या सरांचं एक चालेल, पण ते लिहिणार ‘मेहनती, वेळ पाळणारी, क्लायंटशी चांगलं बोलणारी’. समितीला त्याचं काही नाही. तुला विचार करताना ज्यांनी पाहिलंय अशी माणसं हवीत. एम.आर्क.च्या सेमिनारला ज्या मॅडमशी तू वाद घातला होतास ना, त्यांना विचार. त्यांना तुझा प्रस्ताव, नमुना, अंतिम तारखा सगळं एकत्र दे, आणि किमान सहा आठवडे आधी.

पैशाचं स्पष्ट बोलते, कारण घरात कुणी बोलणार नाही. स्वतःच्या किंवा बाबांच्या पैशानं परदेशात पीएचडी करायची नाही. कर्ज काढून तर नाहीच. अमेरिकेतली चांगली विद्यापीठं फी माफ करून वर स्टायपेंड देतात, साधारण पाच वर्षांसाठी. तसं पत्र नसेल तर तो प्रवेश मी प्रवेश मानत नाही. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळतो आणि पैसे मिळत नाहीत असं सर्रास होतं. शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा आणि त्याची तारीख बऱ्याचदा आधीची. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून आहे, नाव मोठं आहे, पण ते कर्जरूपानं असतं हे लक्षात ठेव. तुझ्या मैत्रिणींपैकी ज्यांना लागू असेल त्यांना बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आणि परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती यांच्या जाहिरातींवर डोळा ठेवायला सांग. हक्काचे पैसे आहेत, मागायला लाजायचं कशाला? आणि अर्जाचं शुल्क माफ करा असं विद्यापीठाला विचारता येतं. विचारलं म्हणून कुणी अर्ज फेकत नाही.

आता जरा हळू आवाजात. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या पुस्तकांपेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांकडे बघ. सध्याच्या दोघी-तिघींशी बोल, मेलवर नाही, फोनवर. मेलवर सगळे चांगलंच लिहितात. विचार : प्रकरण दिलं की किती दिवसांत वाचून मिळतं? आधीच्या मुलांना किती वर्षं लागली? कुणी मध्येच सोडलं का, आणि का? लेखावर पहिलं नाव कुणाचं येतं? रात्री-बेरात्री फोन येतात का? घरची कामं सांगतात का? हसू नकोस. काही मार्गदर्शक विद्यार्थ्याला बँकेत, पोराच्या शाळेत, विमानतळावर पिटाळतात, आणि बायकांना त्याहून वाईट अनुभव येतात. फोनवर समोरची क्षणभर गप्प झाली आणि मग ‘तसे चांगले आहेत ते’ म्हणाली, तर ते नाव खोड.

एकटेपणाचंही सांगून ठेवते. ऑफिसात दहा जण मिळून ड्रॉइंग काढतात, साइटवर स्लॅब पडला की सगळ्यांना दिसतो. इथे आठ महिने राबून हाती एक प्रकरण येतं आणि त्यावर मार्गदर्शक लिहितात, ‘पुन्हा विचार करा.’ तुझ्या वर्गातली मुलं तोवर स्वतःची ऑफिसं काढतील, घरं घेतील. तुला इमारत उभी राहताना बघायचा आनंद हवा असेल तर पीएचडी करू नकोस, खरंच सांगते. प्राध्यापकीत बढतीसाठी पदवी हवी असेल तर इथेच कर, नोकरी सांभाळून, आणि त्यात कमीपणा मानू नकोस. पण त्या पावत्यांच्या पिशवीनं झोप उडत असेल तर मात्र कर.

अमेरिकेच्या तारखा डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असतात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि पैसे देऊ करणाऱ्या बहुतेक विद्यापीठांना १५ एप्रिलपर्यंत उत्तर कळवायचं असतं. म्हणजे गणपती विसर्जन होईतो प्रस्तावाचा कच्चा खर्डा, दसऱ्याला शिफारसपत्रांची माणसं पक्की, दिवाळीच्या फराळाआधी नमुना माझ्याकडे. सहा-सात अर्ज पुरे. वीस करशील तर एकही धड होणार नाही. नकार आले तर त्यात स्वतःला शोधत बसू नकोस; कधी मार्गदर्शक रजेवर असतो, कधी त्याच विषयाचा विद्यार्थी मागच्या वर्षीच घेतलेला असतो, आणि हे तुला कुणी सांगत नाही.

तर आता काय करायचं : आराखडा बाजूला ठेव, ‘शाश्वत’ आणि ‘सर्वसमावेशक’ हे दोन्ही शब्द काढून टाक, आणि फक्त त्या पिशवीवर एक पान लिही. मराठीत लिहिलंस तरी चालेल. रविवारपर्यंत पाठव. तोवर आजीला फोन करून विचार, त्या पावत्या फोटो काढायला देतील का. नाव वापरायची परवानगी वेगळी घ्यावी लागेल, ती नंतर लेखी घेऊ. आणि ‘चांगली नोकरी सोडून परत पाटी-दप्तर कशाला’ हे आईचं जे चाललं आहे ना, त्यावर तू काही बोलू नकोस. तिच्याशी मी बोलते.